शांतपणे धरणं धरलं आणि पोलिसांनी उचललं, तर भरपाई मिळते का?



सोसायटीच्या बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. तलावाचा ठेका असो, धरणातून अचानक सोडलेलं पाणी असो की नदीत सोडलेली घाण असो. "चला, डीसी ऑफिससमोर बसू," असं कुणी म्हटलं की मागून आवाज येतो, "बसू खरं, पण उचलून नेलं तर? केस लागली तर? दोन दिवस जाळं पाण्यात पडलं नाही तर चुलीवर काय ठेवायचं?"

हा प्रश्न विचारणारा माणूस भित्रा नाही. त्याच्या डोक्यावर होडीचं कर्ज आहे, घरी म्हातारे आईबाप आहेत. एक दिवस ठाण्यात गेला म्हणजे त्या दिवसाचा मासा गेला, आडतवाल्याचा शब्द गेला, आणि गावात चार तोंडं बोलायला मोकळी झाली ती वेगळीच.

म्हणून आज नीट सांगायचं ठरवलं. शांतपणे बसलेल्या माणसाला पोलिसांनी कायद्याबाहेर जाऊन ताब्यात घेतलं, तर सरकारला पैसे द्यावे लागतात का? लागतात. देशातल्या कोर्टांनी ते द्यायला लावलेले आहेत. पण ते आपोआप मिळत नाहीत. त्यासाठी पहिल्या तासापासून काय करायचं, ते शेवटी दिलं आहे. आधी जे घडलं ते बघू, आपल्या बीदरपासून.

बीदर, २०२०

२१ जानेवारी २०२० ला बीदरच्या शाहीन शाळेत चौथी-पाचवी-सहावीच्या मुलांनी नागरिकत्व कायद्यावर एक नाटक केलं. त्यातल्या एका वाक्यावरून तक्रार झाली आणि थेट राजद्रोहाचं कलम लागलं. ३० जानेवारीला शाळेच्या मुख्याध्यापिका आणि नाटकात काम केलेल्या एका मुलीची आई, दोघींना अटक झाली. १४ फेब्रुवारीला बीदरच्या जिल्हा कोर्टानं जामीन दिला. म्हणजे पंधरा दिवस आई तुरुंगात आणि मूल बाहेर. नाटकातल्या लहान मुलांनाही पोलिसांनी पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. गणवेशात आणि शस्त्रं लावून मुलांची अशी चौकशी करणं कायद्यात बसत नाही, असं कर्नाटक हायकोर्टानं ऑगस्ट २०२१ मध्ये सुनावलं.

पुढं जून २०२३ मध्ये हायकोर्टाच्या कलबुर्गी खंडपीठानं शाळेच्या व्यवस्थापनातल्या चौघांवरचा गुन्हा रद्द केला. पंतप्रधानांबद्दल वापरलेले शब्द बेजबाबदार होते, असं कोर्टानं म्हटलं. पण त्यातून कुणाला हिंसेला चिथावणी मिळत नव्हती, म्हणून तो राजद्रोह होत नाही, असंही सांगितलं.

नाटक कुणाला पटलं, कुणाला नाही, तो आपला विषय नाही. आपण एवढंच बघायचं की सरकारच्या कायद्यावर बोलण्यावरून दोन बायकांना पंधरा दिवस आत राहावं लागलं, आणि त्याच प्रकरणातला गुन्हा पुढं हायकोर्टात टिकला नाही. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा: गुन्हा रद्द होणं वेगळं आणि भरपाई मिळणं वेगळं. गुन्हा रद्द करा म्हणून केलेल्या अर्जात गुन्हा रद्द होतो. पैसे हवे असतील तर ते वेगळे मागावे लागतात, आणि "मला ताब्यात ठेवलं तेच बेकायदा होतं" हे दाखवावं लागतं. बरीच माणसं सुटली की हात जोडतात, घरी जातात आणि विषय संपवतात. सुटकेचा आनंद एवढा मोठा असतो की हिशेब मागायचं सुचत नाही.

कलबुर्गी आणि बंगळूर, डिसेंबर २०१९

त्याच्या महिनाभर आधीचं आठवतंय का बघा. १९ डिसेंबर २०१९ ला कलबुर्गीसह राज्यात बऱ्याच ठिकाणी जमावबंदी लागली होती. बंगळूरला तीन दिवसांची जमावबंदी आदल्या दिवशी, म्हणजे १८ तारखेला जाहीर झाली. १९ तारखेला टाऊन हॉलजवळ हातात फलक घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांना पोलिसांनी गाड्यांत बसवून नेलं. त्यात इतिहासकार रामचंद्र गुहा हेही होते.

त्या बंगळूरच्या हुकमाविरुद्ध लोक हायकोर्टात गेले. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते अभय ओक, आपल्या ठाण्याचे, मुंबई हायकोर्टातून तिकडं गेलेले. १३ फेब्रुवारी २०२० ला निकाल लागला की जमावबंदीचा तो हुकूम कायद्याला धरून नव्हता. कारण साधं होतं. लोकांचा हक्क काढून घ्यायचा असेल तर अधिकाऱ्यानं स्वतः चौकशी करून, स्वतःच्या डोक्यानं विचार करून कारण लिहायला हवं. खालून आलेल्या पोलिसी अहवालावर नुसती सही करून चालत नाही.

त्याच वर्षी १० जानेवारीला सुप्रीम कोर्टानंही काश्मीरच्या एका प्रकरणात सांगितलं होतं की लोकांनी मत मांडू नये म्हणून जमावबंदी वापरता येत नाही.

हे आपल्याला का माहीत असावं? आपल्यातला जो तो समजतो की "जमावबंदी आहे" म्हटलं की विषय संपला. तो संपत नाही. हुकूम लेखी आहे का, कोणत्या तारखेचा आहे, त्यात कारण लिहिलंय का, हे बघता येतं आणि त्याला कोर्टात आव्हानही देता येतं. अर्थात हुकूम चालू असताना तो मोडायला निघू नका. तो बेकायदा आहे हे ठरवणं कोर्टाचं काम आहे, आणि तोपर्यंत मोडणाऱ्यावर गुन्हा लागू शकतो.

आधी फक्त सुटका मिळायची

आता थोडं मागं जाऊ. भरपाईचा हक्क कुणी ताटात वाढून दिलेला नाही. एकेका माणसानं कोर्टात जाऊन तो मिळवला आहे.

पुण्यात जन्मलेले समाजवादी नेते मधू लिमये गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहिलेले. नोव्हेंबर १९६८ मध्ये बिहारमधल्या लखीसराय रेल्वे स्टेशनवर त्यांना साथीदारांसह पकडलं. कशासाठी पकडलं ते नीट सांगितलंच नाही. लिमये कायदा वाचणारे होते. त्यांनी थेट सुप्रीम कोर्टाकडे दाद मागितली. संविधानाच्या कलम २२ प्रमाणे अटकेचं कारण सांगणं बंधनकारक आहे आणि ते सांगितलेलं नाही, म्हणून कोर्टानं डिसेंबर १९६८ मध्ये सगळ्यांना सोडायला लावलं.

सुटका झाली, पण गेलेल्या दिवसांचे पैसे मिळाले नाहीत. तेव्हा कोर्ट सोडून द्यायचं आणि प्रकरण तिथंच मिटायचं.

हे बदललं १९८३ साली, रुदुल साह या बिहारच्या कैद्यामुळं. मुजफ्फरपूरच्या कोर्टानं त्याला १९६८ साली निर्दोष सोडलं होतं. तरी तो १९८२ पर्यंत आतच राहिला. निर्दोष सुटल्यावर चौदा वर्षं तुरुंगात! सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठानं म्हटलं की आता नुसतं "सोडा" म्हणून भागणार नाही. सरकारनं आधी दिलेले ५,००० धरून त्याला एकूण ३५,००० रुपये मिळाले. चौदा वर्षांच्या मानानं ती रक्कम काहीच नाही. पण हक्क मोडला तर सरकार पैसे देणं लागतं, हा पाया तिथं पडला.

दोनच वर्षांनी भीम सिंग यांचं प्रकरण आलं. जम्मू-काश्मीरचे हे आमदार विधानसभेला निघाले असताना सप्टेंबर १९८५ मध्ये वाटेत पकडले गेले. वेळेत मॅजिस्ट्रेटसमोर नेलं नाही, अधिवेशनाला जाता आलं नाही. सुप्रीम कोर्टानं त्यांना ५०,००० रुपये द्यायला लावले. आठवड्याभराच्या आतली ती कोठडी होती. म्हणजे भरपाई नुसते दिवस मोजून ठरत नाही. सत्तेचा वापर कशासाठी केला, हेही कोर्ट बघतं.

बडवानी, २००७: आपल्यासारख्या माणसांची गोष्ट

हे झालं कैद्याचं आणि आमदाराचं. आपल्यासारख्या, हातावर पोट असलेल्या आंदोलकांना कधी मिळाले का?

मिळाले. नर्मदेच्या काठावर मध्य प्रदेशात बडवानी आहे, आपल्या महाराष्ट्राच्या नंदुरबारला लागूनच. धरणात घरं-शेतं गेलेली माणसं २००७ च्या जुलै महिन्यात जमिनीच्या हक्कासाठी तिथं सत्याग्रहाला बसली होती. सोबत मेधाताई पाटकर होत्या. २५ जुलैला पोलिसांनी सत्याग्रहींना उचललं आणि तुरुंगात टाकलं. कारण दिलं ते नेहमीचंच: शांतता भंग होईल, गुन्हा घडेल.

प्रकरण मध्य प्रदेश हायकोर्टात गेलं. कोर्टानं विचारलं तो प्रश्न सरळ होता. ही माणसं कोणता दखलपात्र गुन्हा करणार होती? मागणी घेऊन शांतपणे बसणं हा गुन्हा नाही. तो संविधानाच्या कलम १९ नं दिलेला हक्क आहे. पोलिसांना प्रतिबंधक अटकेचा अधिकार आहे तो गुन्हा टाळण्यासाठी, माणसं हटवण्याची सोय म्हणून नाही. म्हणून ही अटक बेकायदा ठरली आणि प्रत्येक सत्याग्रहीला १०,००० रुपये भरपाई द्यायचा हुकूम झाला.

ती नेत्यांपुरती नव्हती. धरणात शेत गेलेला शेतकरी आणि आदिवासी बाई यांनाही तीच रक्कम. कोर्टानं माणसामाणसात फरक केला नाही.

कारंजा धरणाच्या काठावरच्या लोकांना हे लगेच कळेल. बुडालेली जमीन, अर्धवट मोबदला, आणि पाणी आलं तरी त्या पाण्यातल्या माशाचा ठेका दुसऱ्याच्या हातात. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांच्या पोरांनी होडी धरली. बडवानीतही पाण्याच्या काठावरचीच माणसं होती.

आपली चूक असेल तर रक्कम कापतात

दुसरी बाजूही सांगायला हवी. जून २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर रामदेव बाबांच्या उपोषणाला आलेली माणसं रात्री झोपलेली असताना पोलीस घुसले. लाठी चालली, अश्रुधूर सोडला. राजबाला नावाच्या एक बाई पुढं त्यातच गेल्या. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०१२ मध्ये सांगितलं की झोपलेल्या माणसांवर अशी कारवाई चुकीची होती. मृताच्या कुटुंबाला ५ लाख, गंभीर जखमींना ५०,००० आणि किरकोळ जखमींना २५,००० रुपये ठरले.

पण त्यातला चौथा हिस्सा आयोजकांच्या ट्रस्टला भरायला लावला. कारण जागा सोडा असा हुकूम आल्यावर आयोजकांनी लोकांना शांतपणे बाहेर काढायला हवं होतं, ते केलं नाही.

सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरींनी हा मुद्दा दोनदा वाचावा. आंदोलन बोलावणाऱ्यावरही जबाबदारी असते. परवानगीचा अर्ज, ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि लोकांना सांभाळणारे चार स्वयंसेवक, एवढं पाहिजेच. आणि एक खास आपल्या लोकांसाठी: संविधानातला हक्क शांतपणे आणि विनाशस्त्र जमायचा आहे. सवयीनं कमरेला जाळं कापायचा सुरा असतो, हातात वल्हं असतं. ते घरी ठेवून या. आपल्याला ते अवजार वाटतं, पण पंचनाम्यात त्याला शस्त्र म्हणतात.

जगाचा कायदा काय म्हणतो

मानवी हक्कांचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, नागरी आणि राजकीय हक्कांचा. त्याच्या नवव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की बेकायदा अटक झालेल्या माणसाला भरपाईचा हक्क आहे आणि तो वसूल करता आला पाहिजे. भारतानं १० एप्रिल १९७९ ला हा करार मानला. पण मानताना सरकारनं एक अट घातली: आमच्या कायद्यात अशी भरपाई हक्कानं मागायची सोय नाही, त्यामुळं हे वाक्य आम्हाला लागू धरू नका.

पुढं रुदुल साह आणि नंतरचे निकाल आले. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानंच म्हटलं की आता त्या अटीत काही अर्थ उरलेला नाही. कारण कोर्टांनी संविधानाच्या कलम २१ मधूनच भरपाईचा हक्क काढलेला आहे. याच निकालात अटकेच्या वेळी काय काय केलं पाहिजे त्याची यादी आली. तीच आता नव्या कायद्यात आहे.

अलीकडची दोन उदाहरणं. अलाहाबाद हायकोर्टात २०२१ मध्ये एक प्रकरण आलं. दोघांना शांतता भंगाच्या कलमाखाली पकडलं होतं. बॉण्ड दिला तरी सोडलं नाही, कागद तपासायचे आहेत म्हणून कितीतरी दिवस आत ठेवलं. त्यावरून उत्तर प्रदेश सरकारला धोरण करावं लागलं की अशी बेकायदा कोठडी झाली तर २५,००० रुपये द्यायचे. आणि २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टानं एका माणसाला ५०,००० रुपये दिले. त्याला कारण नसताना लॉकअपमध्ये ठेवलं होतं अर्धा तास. फक्त अर्धा तास! ते पैसे दोन पोलीस अधिकाऱ्यांच्या पगारातून कापायला सांगितले.

कोणती कोठडी कायदेशीर, कोणती बेकायदा

प्रत्येक वेळी पोलिसांनी हात धरला म्हणजे ते बेकायदा असं समजू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात हे अधिकार आहेत:

कलम १६३ खाली जमावबंदी (जुनं १४४). कलम १७० खाली दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठी अटक (जुनं १५१). पण दुसरा काही मार्ग नसेल तेव्हाच, आणि २४ तासांपेक्षा जास्त नाही. कलम १७२ खाली पोलिसांचा कायदेशीर हुकूम न मानणाऱ्याला हलवता येतं, किरकोळ बाब असेल तर २४ तासांच्या आत लवकरात लवकर सोडायचं असतं. महाराष्ट्रात बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ६८-६९ खाली ताब्यात घेतात आणि संध्याकाळी सोडतात.

मग बेकायदा कधी? कारण सांगितलं नाही. अटकेचा कागद केला नाही. घरी कळवलं नाही. वकिलाला भेटू दिलं नाही. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेलं नाही (प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत). सूर्यास्तानंतर बाईला अटक केली, आणि तशीच निकड नव्हती की मॅजिस्ट्रेटची परवानगीही नव्हती. किंवा बडवानीसारखं, गुन्हा घडायची काहीच चिन्हं नसताना उचललं. कारण सांगण्याबद्दल फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा बजावलंय की ते सांगितलं नाही तर अटकच बेकायदा ठरते. त्या पीठावर अभय ओकच होते.

एफआयआर झाली, मॅजिस्ट्रेटनं कोठडी दिली आणि पुढं माणूस सुटला, तर भरपाई मिळणं जास्त अवघड असतं, कारण मध्ये कोर्टाचा हुकूम असतो. पण अशक्य नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ च्या खोट्या हेरगिरीच्या प्रकरणासाठी सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ५० लाख रुपये दिले. त्यासाठी चोवीस वर्षं गेली.

बॉण्डवर सही करण्याआधी

आपली माणसं अडकतात ती बहुतेक इथं. संध्याकाळी तहसीलदार किंवा असिस्टंट कमिशनर यांच्यासमोर नेतात, एक कागद पुढं करतात आणि म्हणतात, "सही कर आणि घरी जा." घरी पोरं वाट बघत असतात, माणूस सही करतो.

तो कागद म्हणजे शांतता राखण्याचा बॉण्ड असू शकतो, वर्षभरापर्यंतचा. त्या मुदतीत काही झालं तर रक्कम भरावी लागते. आणि काही वेळा त्यात "मी गडबड करणार होतो" अशा अर्थाचं वाक्यही असतं. उद्या भरपाई मागायला गेलात की तेच वाक्य समोर ठेवतील. कागद कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा. मराठीत समजावून सांगा म्हणा. सही करावीच लागली तर खाली "मजकूर मला समजला नाही" किंवा "मी शांतपणे बसलो होतो" असं आपल्या भाषेत लिहून मग सही करा. नक्कल मागा.

पहिल्या तासापासून काय करायचं

१. धरणं धरण्याआधी पोलीस ठाण्यात आणि तहसीलमध्ये लेखी अर्ज द्या. पोच घ्या, म्हणजे शिक्का, तारीख, सही. ही पोचच पुढं "आम्ही लपूनछपून आलो नव्हतो" याचा पुरावा.

२. कुणीतरी एक जण बाहेर राहील असं आधीच ठरवा. त्याच्याकडे सगळ्यांची नावं आणि घरचे नंबर हवेत. कुणाला किती वाजता, कोणत्या गाडीत, कोणत्या ठाण्यात नेलं ते त्यानं वहीत लिहायचं. फोनवरचा व्हिडिओ बंद करायचा नाही. व्हिडिओत जागा आणि वेळ दिसू द्या.

३. ठाण्यात गेल्यावर आवाज न चढवता विचारा: "साहेब, आम्हाला अटक केलीय का? कोणत्या कलमाखाली? कागद द्या." हे तुमचं मागणं कायद्यातलंच आहे.

४. घरच्या एका माणसाला कळवायला सांगा. वकिलाला भेटायचं आहे असं सांगा.

५. मार लागला असेल तर डॉक्टरकडे तपासणी मागा. सुटल्यावर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन नोंद करा.

६. सुटल्यावर दुसऱ्याच दिवशी ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असा लेखी अर्ज द्या. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितलेलं आहे. फुटेज कायम राहत नाही, म्हणून घाई करा.

७. नुकसानीचा हिशेब लिहा: किती दिवस होडी बांधून राहिली, बर्फ-डिझेल किती वाया गेलं, किती मासा विकायचा राहिला, वकिलाला आणि गाडीभाड्याला किती गेले. पावत्या ठेवा.

दार कुठं ठोठवायचं

पहिलं दार हायकोर्टाचं. बीदर आणि कलबुर्गीच्या माणसाला बंगळूरला जायची गरज नाही. कलबुर्गीला खंडपीठ आहे, २००८ मध्ये सुरू झालेलं आणि २०१३ पासून कायमचं. संविधानाच्या कलम २२६ खाली तिथं अर्ज करून भरपाई मागता येते. वस्तुस्थिती कागदावर स्पष्ट असेल तर हाच मार्ग सोपा.

दुसरं दार मानवी हक्क आयोगाचं. राज्याचा आयोग बंगळूरला आहे, राष्ट्रीय आयोग दिल्लीला. राष्ट्रीय आयोगाकडे तक्रारीला फी नाही आणि ती मराठीत किंवा कन्नडमध्येही लिहिता येते. आयोग भरपाईची शिफारस करतो. एकच प्रकरण दोन्ही आयोगांकडे टाकू नका.

तिसरं दार दिवाणी दाव्याचं. नुकसानीचा पूर्ण हिशेब मागायचा असेल तर हे. सरकारवर दावा करायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

आता मुदत नीट लक्षात ठेवा. आयोगाकडे तक्रार घटनेपासून एक वर्षाच्या आत करायची असते. बेकायदा कोठडीच्या दिवाणी दाव्याची मुदतही सुटल्यापासून एक वर्षच आहे. "बघू दिवाळीनंतर, बघू हंगाम संपल्यावर" म्हणत एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला की दोन दारं बंद झाली.

कुणी खोटी तक्रार देऊन तुम्हाला पकडायला लावलं असेल, तर त्या तक्रारदाराकडून मॅजिस्ट्रेट भरपाई देववू शकतो. पण कायद्यात त्याची मर्यादा फक्त १,००० रुपये आहे. ठेक्याच्या भांडणात हे आपल्याकडं होतं, म्हणून सांगितलं.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. बायका, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००.

पैसे किती, हे प्रामाणिकपणे

कुणी तुम्हाला "लाखो मिळवून देतो" म्हणून सही घ्यायला आला तर सावध राहा. बडवानीला १०,००० मिळाले. उत्तर प्रदेशचा आकडा २५,००० आहे. एका दिवसाच्या कोठडीसाठी आपल्याकडं काय मिळेल ते कोर्ट ठरवेल, आणि त्याला वेळ लागेल.

मग एवढी धावपळ कशाला? कारण त्या हुकमावर लिहिलेलं असतं की हा माणूस शांतपणे बसला होता आणि चूक त्याला उचलणाऱ्याची होती. गावात जे म्हणत होते "काहीतरी केलं असेल म्हणूनच नेलं," त्यांच्यासमोर तो कागद ठेवता येतो. पोरीच्या सोयरिकीच्या वेळी, पासपोर्टच्या वेळी, सोसायटीच्या निवडणुकीच्या वेळी "याच्यावर केस होती" म्हणणाऱ्याला उत्तर मिळतं. आणि पुढच्या वेळी आपण बसलो तर ठाण्यातल्या साहेबांना ठाऊक असतं की ही माणसं वेळ लिहून ठेवतात.

पुढच्या बैठकीला येताना एक वही आणा. पहिल्या पानावर सगळ्या सभासदांची नावं आणि घरचा एकेक नंबर लिहून घेऊ. ती वही सेक्रेटरींकडे राहील. धरणं कधी धरायचं, धरायचं की नाही, ते नंतर ठरवू.

ही पोस्ट आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना होडीवर, धक्क्यावर, चावडीवर वाचून दाखवा. तुमच्या भागात असं काही झालं असेल तर नावगाव उघड न करता सोसायटीच्या ऑफिसात येऊन सांगा. कागदपत्रं सोबत आणा.